मांडीची शिवण

सेमाग्लुटाइड या औषधाच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ मध्ये संपली आणि वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांच्या देशी आवृत्त्यांना मार्ग मोकळा झाला. गेले काही दिवस विज्ञानविषयक बातम्यांत हाच विषय आहे. प्रत्येक बातमीसोबत एक वजनकाटा आणि कंबरेभोवती गुंडाळलेली मोजपट्टी यांचे चित्र असते. उतरलेल्या वजनानंतर मागे राहिलेल्या कातडीचे चित्र मात्र मला कोठेही दिसले नाही. एरवी मी येथे चांद्रयान, मान्सूनचे अंदाज किंवा लसी यांवर लिहिते. आजचा विषय माझ्या स्वतःच्या मांड्यांचा आहे. चार वर्षे तो लिहिण्याचे टाळले. आता भाचीमुळे टाळता येत नाही.

भाची गुरुग्रामला असते. टिर्झेपेटाइड भारतात २०२५ च्या मार्चमध्ये आले, त्यानंतर काही आठवड्यांतच तिने डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते सुरू केले. वर्षभरात एकोणीस किलो वजन उतरले. गेल्या आठवड्यात तिने मला एका क्लिनिकची जाहिरात पाठवली: पोट, दंड आणि मांड्या, तिन्ही एकाच दिवशी, दोन रात्री मुक्काम, हप्त्यांची सोय. खाली तिचा प्रश्न होता, "मावशी, तुझं तेव्हा नक्की काय झालं होतं? आई नीट सांगत नाही."

आई नीट सांगत नाही, कारण मावशीने तिलाही नीट सांगितलेले नाही.

ऑक्टोबर २०१९ मध्ये माझ्या जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झाली. तेव्हा माझे वजन ११६ किलो होते आणि उंची १५८ सेंटिमीटर. पावणेदोन वर्षांत ४७ किलो वजन गेले. मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या, महाविद्यालयातील दोन जिने न थांबता चढता येऊ लागले. लोक अभिनंदन करत. आणि मी रोज सकाळी मांड्यांच्या आतल्या बाजूला पावडर लावून, वर सुती पट्टी गुंडाळून घराबाहेर पडत असे. आतून रिकामी झालेली कातडी गुडघ्यापर्यंत झोळीसारखी लोंबत होती. चालताना एकीवर एक घासत होती. दिल्लीच्या मे-जूनमध्ये घामाने तेथे आधी लाली येई, मग ओल, मग बुरशी, आणि पुढे चिरा. माझी प्रत्येक सलवार एकाच ठिकाणी, मधल्या जोडाजवळ, विरून फाटे. लक्ष्मीनगरच्या शिंप्याने तिसऱ्या खेपेला आतून दुहेरी कापड लावून दिले आणि काही विचारले नाही, याबद्दल मी त्याची आजही ऋणी आहे.

हा त्रास माझ्या एकटीचा नव्हता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) दिल्लीतील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी ४१.३ टक्के स्त्रिया वाजवीहून अधिक वजनाच्या आढळल्या. देशाचा आकडा २४ टक्के आहे. यांतील काही टक्क्यांनी जरी उद्या मोठे वजन उतरवले, तरी माझ्यासारख्या पट्ट्या गुंडाळणाऱ्या बायकांची संख्या किती होईल याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

व्यायामाने ही कातडी आवळेल, असे मला पुष्कळांनी सांगितले. बदामाचे तेलही सुचवले गेले. रसायनशास्त्र शिकवणारी बाई असून मी तेल चोळलेही. कातडीला पूर्ववत आणणारे इलॅस्टिनचे तंतू मुख्यतः आयुष्याच्या सुरुवातीला घडतात. प्रौढ वयात ते नव्याने, नीट रचनेत जवळजवळ घडत नाहीत. वर्षानुवर्षे ताणली गेलेली कातडी म्हणजे कंबरेचे इलॅस्टिक गेलेला परकर. त्याला धुऊन, वाळवून, इस्त्री करून उपयोग नसतो. स्नायू व्यायामाने भरतात, पण स्नायूवरचे आवरण त्यांच्या हाकेला येत नाही. उरतो तो कापून शिवण्याचा मार्ग.

तो मी फेब्रुवारी २०२२ मध्ये पत्करला. ओमायक्रॉनची लाट नुकतीच ओसरली होती. नियोजित शस्त्रक्रिया पुन्हा सुरू झाल्या होत्या, आणि होळीनंतरचा उन्हाळा सुरू होण्याआधी जखम भरून निघावी असा माझा बेत होता. राजधानी परिसरातील एका खाजगी रुग्णालयात ती झाली. त्याचे नाव महत्त्वाचे नाही. शल्यविशारदांशी माझी भेट शस्त्रक्रियेपूर्वी एकदाच, बारा मिनिटांची झाली. त्यांनी गुडघ्यापर्यंतची उभी रेघ आणि जांघेतली आडवी रेघ कागदावर काढून दाखवली. "वर सगळं ओढून घेऊ, एकदम घट्ट होईल," असे ते म्हणाले. घट्ट हा शब्द तेव्हा मला फार गोड वाटला.

मी त्यांना काय सांगितले नाही, तेही येथे लिहिले पाहिजे. माझे हिमोग्लोबिन वर्षभर दहाच्या आसपास घुटमळत होते. जठर लहान झाल्यावर जेवण चार घासांचे झाले होते, आणि त्या चार घासांत मी चहा, खाखरा आणि फळे बसवत असे. प्रथिनांची पूड मळमळते म्हणून सोडली होती. संकष्टी आणि सोमवार मात्र सोडले नव्हते. अर्जावर 'आहार' या रकान्यात मी 'शाकाहारी, नियमित' असे लिहिले. दोन्ही शब्द खरे होते.

घरी सोडताना हाती दिलेल्या कागदावर इंग्रजीत एक सूचना होती: मांड्यांचे अतिरिक्त 'ॲबडक्शन' टाळावे. संसर्गाच्या भीतीने नातेवाइकांना वर सोडत नव्हते, म्हणून यजमान खाली थांबले होते. परिचारिकेने कागदावर सही घेतली. ॲबडक्शन म्हणजे अवयव शरीराच्या मध्यरेषेपासून दूर नेणे, हे मला माहीत होते. पण माझ्या डोक्यात त्या शब्दाने व्यायामशाळेतल्या यंत्राचे चित्र उभे केले. आपण मराठी माणसे जमिनीवर बसताना जे करतो, ते हेच, हे मला सुचले नाही.

महाशिवरात्र १ मार्चला होती. टाक्यांचा अकरावा दिवस. वेदना कमी झाल्या होत्या, घरात चालत होते. निरंकार उपवास नको म्हणून साबुदाणा खाल्ला आणि अभिषेकाला देवासमोर मांडी घालून बसले. अर्धा तास. उठताना डाव्या जांघेत काहीतरी सुटल्यासारखे वाटले, दुखले मात्र नाही. रात्री पट्टी ओली लागली. पिवळसर, पातळ पाणी होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, जेथे उभी आणि आडवी शिवण मिळते त्या कोपऱ्यात, बोटाचे पेर आत जाईल एवढी जखम उघडली होती.

यजमान म्हणाले, उपवासामुळे. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. रुग्णालयातील कनिष्ठ डॉक्टर म्हणाले, असे होते कधीकधी. तिसरे उत्तर खरे होते, पण अपुरे होते. एका उपवासाने टाका उसवत नाही, आणि एकदा मांडी घातल्यानेही बहुधा उसवला नसता, जर त्या टाक्यावर आधीच कातडीचा सगळा भार टांगलेला नसता आणि जर त्याखालची ऊती वर्षभर उपाशी नसती. जखम पट्ट्या बदलत सात आठवड्यांनी भरली. उन्हाळा उजाडलाच.

पण जे मी कोणालाच सांगितले नाही, बहिणीलाही नाही, ते पुढे सहा महिन्यांत झाले. खाली ओढणाऱ्या कातडीने जांघेतला व्रण आपल्या जागेवरून खाली मांडीवर सरकला, आणि जाताना त्याने योनिमुखाच्या कडाही बाजूला ताणल्या. बसताना, लघवीला जाताना, कपडा घासताना त्याची जाणीव होई. हा या शस्त्रक्रियेचा नेमका, जुना, ओळखीचा दोष आहे. शल्यविशारदांच्या ग्रंथांत त्याला नाव आहे. मला मात्र वाटत होते की असे फक्त माझेच झाले आहे, आणि ते लाजिरवाणे आहे. दीड वर्ष मी याच समजुतीत काढले.

मग एका सहकारी प्राध्यापिकेने मला एका ज्येष्ठ डॉक्टरबाईंकडे नेले. त्यांनी तपासले, आणि पहिल्यांदा विचारले, "साडी नेसता ना? निऱ्यांचा भार कशावर असतो?" मी म्हटले, परकराच्या नाडीवर. "बरोबर. निऱ्या नुसत्या पोटाच्या कातडीला टाचणीने लावल्या तर काय होईल? तुमचं तेच झालंय."

त्यानंतर तासभर त्यांनी जे समजावले, त्याला मी घरी येऊन वाचनाची जोड दिली. मांडी वर ओढून शिवण्याची पद्धत लुईस या अमेरिकी शल्यविशारदाने १९५७ मध्ये मांडली. पुढची तीस वर्षे शल्यविशारद तिच्याकडे काहीसे नाराजीनेच पाहत राहिले, कारण व्रण खाली सरकणे, कडा ताणल्या जाणे आणि काही काळाने कातडी पुन्हा लोंबणे हे दोष पाठ सोडत नव्हते. कातडी कातडीला शिवली जात होती, आणि ओल्या वाळूच्या पोत्यासारख्या मांडीचा सारा भार त्या नाजूक शिवणीवर पडत होता. १९८८ मध्ये टेड लॉकवुड यांनी कातडीखालचे तंतुमय आवरण पकडून ते जांघेच्या आतल्या बाजूच्या एका चिवट पटलाला न विरघळणाऱ्या टाक्यांनी बांधण्याची रीत प्रसिद्ध केली. अब्राहम कोलीस या आयरिश शल्यवैद्याच्या नावाने ओळखले जाणारे हे पटल हाडाशी घट्ट जोडलेले असते. तीच परकराची नाडी. भार तिच्यावर, कातडीची कड फक्त कडेला येऊन टेकते, ताणाशिवाय.

माझ्या पहिल्या शस्त्रक्रियेत तसा आधार घेतला गेला होता की नाही, हे माझ्या कागदांवरून समजत नाही. 'घट्ट' मात्र झाले होते.

नाडी हा निम्माच भाग. उरलेला निम्मा म्हणजे काय कापायचे नाही, हे ठरवणे. मांडीच्या आतल्या बाजूने एक लांब शीर गुडघ्याकडून जांघेकडे चढत जाते, आणि तिच्या सोबतीने पायातील लसीकावाहिन्यांचा जुडगा वर जातो. या वाहिन्या केसासारख्या बारीक, पारदर्शक असतात. कापल्या गेल्या तरी रक्त येत नाही, म्हणून कापल्याचे लगेच समजतही नाही. समजते नंतर, जेव्हा पोकळीत पाणी साचून फुगा येतो, किंवा संध्याकाळपर्यंत पाऊल सुजते आणि ती सूज महिनोन्‌महिने हटत नाही. जांघेत या वाहिन्या जेथे गाठींना मिळतात, तो त्रिकोण तर शक्यतो छेडूच नये असा संकेत आहे.

म्हणून अनेक शल्यविशारद आता आधी त्या भागात ॲड्रेनलिन मिसळलेले द्रव सोडतात, नळीने चरबी शोषून घेतात, आणि मग फक्त वरची कातडी उचलून काढतात. चरबी गेल्यावर खाली मधाच्या पोळ्यासारखी तंतूंची जाळी उरते. तिच्यात शिरा आणि लसीकावाहिन्या जागच्या जागी राहतात. ल लुआर्न आणि पास्काल या फ्रेंच जोडीने २००४ मध्ये चरबीशोषणाशी जोडलेली अशी रीत मांडली, आणि नंतर अमेरिकेत हन्स्टाड आदींनी मोकळी झालेली कातडी सुरीऐवजी अक्षरशः सोलून काढण्यापर्यंत मजल नेली. ऐकायला भयंकर वाटते. पण सुरी जेथे खोल जाऊच शकत नाही, तेथे ती चुकूही शकत नाही.

(१५ जुलैला, राष्ट्रीय प्लास्टिक सर्जरी दिनी, सुश्रुताचे आणि पुण्याच्या कावसजीचे संदेश सगळीकडे फिरतात. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या या गाडीवानाला पुण्याजवळ नवे नाक लावून देण्यात आले आणि त्याचे वर्णन १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापले गेले. अभिमान खुशाल बाळगावा. पण त्या कारागिराचे खरे शहाणपण होते कपाळाची पट्टी पूर्ण न कापण्यात. ती नाकाच्या मुळाशी जोडलेली ठेवली, म्हणून तिचा रक्तपुरवठा टिकला आणि ती जगली. हा भाग संदेशांत सहसा नसतो.)

कोणाला कोणती शिवण, हेही ठरावीक नसते. सैलपणा फक्त वरच्या तिसऱ्या हिश्शात असेल तर जांघेच्या घडीत लपणारी आडवी शिवण पुरते. माझ्यासारखी गुडघ्यापर्यंत झोळी असेल तर उभी शिवण घ्यावीच लागते, आणि ती दिसतेच. आडव्या शिवणीने उभ्याचे काम करून घ्यायला गेले की सगळी ओढ जांघेवर येते. आणि दोन्ही एकत्र केल्या तर त्या मिळतात तो कोपरा सर्वांत दुबळा, कारण तेथे तीन टोके मिळतात आणि प्रत्येक टोकापर्यंत रक्त पोचता पोचता क्षीण झालेले असते. माझी जखम बरोबर तेथेच उघडली होती. डॉक्टरबाई आदल्या दिवशी मला उभे करून, चिमटीत कातडी धरून खुणा करत होत्या आणि चिमूट प्रत्येक ठिकाणी थोडी सैल सोडत होत्या. त्या एकदम सगळे कापत नाहीत. थोडे कापतात, तेवढे शिवतात, मग पुढे सरकतात. शस्त्रक्रिया चालू असतानाच मांडी सुजू लागते. सगळे आधी कापून ठेवले तर शेवटी दोन कडा मिळेनाशा होतात, आणि मग जबरदस्तीने ओढून शिवावे लागते.

एवढे सगळे करूनही गुंतागुंत होते. त्यांनी मला आकडा लपवला नाही. पिट्सबर्गच्या शल्यविशारदांनी २०१५ मध्ये मोठे वजन उतरवलेल्या १०६ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांतील ६८ टक्क्यांना काही ना काही गुंतागुंत झाली होती, आणि तिच्यात जखम उघडण्याचे प्रमाण सर्वाधिक होते. बहुतेकींच्या जखमा पट्ट्यांनीच भरतात. ज्या गुंतागुंतीला डॉक्टर खरोखर भितात ती विरळ आहे: पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे. तिच्यासाठी आधीच धोक्याचे गुण मोजतात, दाब देणारे मोजे घालतात, गरजेप्रमाणे रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने देतात, आणि त्याच दिवशी संध्याकाळी रुग्णाला उठवून चालवतात. मला चालवले तेव्हा मी परिचारिकेला मनातल्या मनात शिव्या दिल्या. पोट, दंड आणि मांड्या एकाच दिवशी केल्या तर भुलीचे तास वाढतात, उठून चालणे लांबते, आणि नेमका हाच धोका वाढतो. भाचीने पाठवलेल्या जाहिरातीत ही सोय म्हणून छापली आहे.

दुसरी शस्त्रक्रिया डिसेंबर २०२३ मध्ये झाली. खरे तर ती जुलैतच व्हायची होती. डॉक्टरबाईंनी माझे रक्त तपासले आणि पाच महिन्यांनंतरची तारीख दिली. हिमोग्लोबिन बारापर्यंत आल्याशिवाय आणि प्रथिने रोज ठरल्याप्रमाणे पोटात गेल्याशिवाय त्या सुरी हातात घेणार नव्हत्या. दिल्लीतील जवळजवळ निम्म्या स्त्रिया रक्तक्षयी आहेत. त्याच सर्वेक्षणातील आकडा ४९.९ टक्के आहे, आणि देशाचा ५७. जठर लहान केलेल्या बाईला लोह आणि बी-१२ शोषून घेणे आणखी अवघड होते. जखमेचा दोर कोलॅजनचा असतो, कोलॅजन प्रथिनांचे असते, आणि साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट आहे. हे मी वर्गात शिकवते. स्वतःच्या ताटाला ते लावायला मला एक उसवलेली मांडी लागली. पाच महिने शिरेतून लोह, सकाळी दोन अंडी (घरात पहिल्यांदाच, वेगळ्या पातेल्यात), दुपारी मुगाची उसळ आणि पनीर, संध्याकाळी ती मळमळणारी पूड ताकात घालून. सासूबाईंनी अंड्यांचे पातेले वेगळे घासले, पण घासले.

त्या शस्त्रक्रियेत जुना व्रण सोडवून वर, जांघेच्या घडीत आणला आणि पटलाला बांधला. डाव्या बाजूला एका ठिकाणी एक सेंटिमीटर शिवण उघडली आणि दहा दिवसांत भरली. ताणलेल्या कडा बऱ्याचशा जागेवर आल्या, पूर्णपणे नाहीत. गुडघ्यापर्यंतची रेघ आहे ती आहे.

आणि घरी सोडताना डॉक्टरबाईंनी इंग्रजी कागदाच्या मागे स्वतःच्या हाताने, मोडक्या मराठीत लिहून दिले: मांडी घालायची नाही. उकिडवे बसायचे नाही. भारतीय संडास नाही. स्कूटरवर दोन्हीकडे पाय टाकून नाही. रिक्षात चढताना आधी बसायचे, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. सहा आठवडे. त्या मराठी नाहीत. शब्द त्यांनी आपल्या विभागातल्या एका नागपूरच्या परिचारिकेला विचारून लिहिले होते. तो कागद मी जपून ठेवला आहे, आणि पहिल्या रुग्णालयाचा कागदही.

खर्चाचे थोडक्यात सांगते. विमा कंपनीने दोन्ही दावे सौंदर्यवर्धक उपचार म्हणून फेटाळले. विमा नियामकाने २०१९ मध्ये अपवर्जनांची जी प्रमाण भाषा ठरवून दिली, तिच्यात सौंदर्यवर्धक किंवा प्लास्टिक सर्जरी वगळलेली आहे. पण अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, आणि तब्येतीला थेट, तातडीचा धोका दूर करण्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरने आवश्यक म्हणून प्रमाणित केलेला उपचार, यांना तीत अपवाद आहे. माझ्या बुरशीच्या, चिरांच्या, प्रतिजैविकांच्या दोन वर्षांच्या चिठ्ठ्या मी शस्त्रक्रियेआधी जुळवून ठेवल्या नव्हत्या, आणि असे प्रमाणपत्र मागावे हे मला कोणी सांगितले नव्हते. ते मिळाले असते तरी दावा मान्य झाला असता असे नाही. पण मागणे माझ्या हाती होते.

आता भाचीविषयी. तिचे प्रकरण माझ्याहून वेगळे आहे, आणि इंजेक्शनवाल्या पुढच्या सगळ्यांचे वेगळे असेल. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर वजन साधारण दीड वर्षात कोठेतरी स्थिरावते. औषधाने उतरलेले वजन औषधाला बांधलेले असते. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरले, आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातले दोन-तृतीयांश परत आले. टिर्झेपेटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेवर ७२ आठवड्यांत जवळपास २१ टक्के उतरले. तेव्हा वजन अजून उतरत असताना, किंवा औषध परवडत नाही म्हणून सोडण्याच्या बेतात असताना, कातडी मापून कापणे म्हणजे वाढत्या मुलाला अंगाबरोबर सदरा शिवणे. किमान तीन ते सहा महिने काटा एका जागी राहिला पाहिजे.

दुसरे, ही औषधे जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात. आठ तास उपाशी असलेल्या रुग्णाच्या पोटातही अन्न उरलेले असू शकते, आणि भूल देताना ते श्वासनलिकेत गेले तर जिवावर बेतते. अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने जून २०२३ मध्ये साप्ताहिक इंजेक्शन आठवडाभर आधी थांबवण्याचा सल्ला दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये इतर संघटनांसह तो सैल करून बहुतेकांनी औषध चालू ठेवावे, धोका अधिक असलेल्यांनी मात्र आदले २४ तास द्रवाहारावर राहावे, असे सांगितले. कोणता नियम लावायचा हे भूलतज्ज्ञ ठरवतील, पण त्यांना इंजेक्शनबद्दल माहीत तर असले पाहिजे. भाचीने क्लिनिकच्या अर्जात ते लिहिलेले नव्हते. औषधांच्या रकान्यात तिने लिहिले होते, 'काही नाही'. कारण विचारले तर म्हणाली, "ते औषध थोडंच आहे मावशी, ते वजनाचं आहे."

मी तिच्यावर रागावू शकले नाही. 'शाकाहारी, नियमित' लिहिणारी बाई मीच.

रविवारी तिला घरी बोलावले. दोन्ही कागद तिच्यासमोर ठेवले, आणि दार लावून तिला व्रणही दाखवला. आयुष्यात डॉक्टरांखेरीज कोणाला दाखवला तो पहिल्यांदा. ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने नखाने हलकेच त्या उभ्या रेघेवरून रेघ ओढली आणि विचारले, इथे लागतं का. गुडघ्याच्या वर वीतभर जागा बधिर आहे, तेथे लागत नाही.

सोमवारी तिने रक्त तपासले. हिमोग्लोबिन ९.४ निघाले. क्लिनिकची तारीख तिने रद्द केली नाही, पुढे ढकलली. दंड आणि पोट यादीतून काढले. डॉक्टरबाईंची वेळ मी मागितली आहे, सध्या त्यांच्याकडे सात आठवड्यांची रांग आहे. तोवर लोह, अंडी आणि ताक. अंडी ती आधीपासूनच खाते, तिच्या घरी पातेल्याचा प्रश्न नाही.

जाताना दारात तिने विचारले, आता तुला मांडी घालून बसता येतं का. येते. यंदाच्या महाशिवरात्रीला अभिषेकाला बसले होते. पंधरा मिनिटांनी डावी बाजू ओढू लागते, मग पाट मागवून घेते.